एअर ब्रेक (मालट्रकचा) : दोषशोध

दाबाच्या हवेवर चालणाऱ्या ब्रेकमधील बिघाडाचे मूळ शोधण्याची पद्धत. हवेचा ब्रेक जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांनी अमेरिकेत 1869 मध्ये रेल्वेसाठी प्रथम वापरात आणला. जड मालट्रकांत इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर टाक्यांत हवा भरतो. पॅडल दाबले की ती चाकाजवळच्या ब्रेक चेंबरमध्ये शिरते, दांडा पुढे सरकतो, स्लॅक अॅडजस्टर कॅम फिरवतो आणि लायनर ड्रमला घासतात. पार्किंग ब्रेक याच्या उलट आहे: तो जाड स्प्रिंगने लागतो आणि हवेने सुटतो. त्यामुळे हवा संपलेल्या गाडीची मागची चाके जखडतात. चाके जाम म्हणून थेट ड्रम खोलण्याआधी गेजवर किती हवा आहे ते पाहावे.

तपासणीची सुरुवात गेजपासूनच होते. चाकांना ओट लावून पार्किंग ब्रेक सोडावा. हवा मुळात सावकाश भरत असेल तर कॉम्प्रेसरचा चोंदलेला एअर फिल्टर, त्याच्या झडपा, काजळीने अरुंद झालेली नळी किंवा अडकलेला अनलोडर यांवर संशय घ्यावा. हवा पूर्ण भरते, पण इंजिन बंद करताच काटा उतरू लागतो, तर गळती आहे. साबणाचे पाणी जोडांवर लावले की ती फुगे दाखवते. पॅडल दाबून धरल्यावरच काटा उतरत असेल तर गळती पॅडलपासून चाकापर्यंतच्या वाटेवर असते, आणि फाटलेला डायफ्रॅम हे तिचे नेहमीचे कारण. अमेरिकेतील प्रचलित निकषानुसार इंजिन बंद आणि ब्रेक सुटलेले असताना एकट्या ट्रकमध्ये मिनिटाला 2 पीएसआयपेक्षा अधिक घट चालत नाही.

टाकीच्या तळाच्या कॉकमधून पाणी निघाले तर एअर ड्रायरचे कार्ट्रिज संपलेले असते. तेल निघाले तर कॉम्प्रेसर झिजलेला असतो. हे तेल झडपांतील रबर फुगवते, म्हणून नुसते काढून टाकून भागत नाही.

सर्वांत फसवा दोष गेजवर दिसतच नाही. हवा भरपूर असते, पण लायनर झिजल्याने दांड्याला जास्त अंतर कापावे लागते. उतारावर तापलेला ड्रम प्रसरण पावतो, अंतर आणखी वाढते आणि दांडा टोकाला पोहोचूनही ब्रेक पुरेसा लागत नाही. सपाट रस्त्यावर ठीक वाटणारी गाडी म्हणूनच घाटात हाताबाहेर जाते. आपोआप जुळणारा स्लॅक अॅडजस्टर पुन्हापुन्हा हाताने कसावा लागत असेल, तर तो कसणे हा उपाय नव्हे. कॅमशाफ्ट, बुश किंवा खुद्द अॅडजस्टर यांत बिघाड आहे. गाडी एका बाजूला ओढत असेल तर दोन्ही बाजूंच्या दांड्यांची धाव मोजावी आणि हबच्या सीलमधून लायनरवर ग्रीस आले आहे का ते पाहावे.

डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची सवय हा यंत्राचा दोष नाही, पण ब्रेकच्या तपासात तो प्रश्न चालकाला विचारावाच लागतो. पुण्याजवळ कात्रज नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे येणाऱ्या लांब उतारावर या सवयीने जीव गेले आहेत. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा रोध नाहीसा होतो आणि सारा भार ड्रमवर येतो. इंजिनच बंद केले तर कॉम्प्रेसरही थांबतो, आणि प्रत्येक वेळी पॅडल दाबले की टाकीतली उरलेली हवा खर्च होते.

स्प्रिंग ब्रेकचा चेंबर रस्त्यावर कधीही खोलू नये. आतली स्प्रिंग दाबलेली असते. क्लॅम्प सैल होताच ती उसळून माणूस ठार होऊ शकतो. गाडी हलवण्यापुरता ब्रेक सोडायचा असेल तर केजिंग बोल्ट वापरून स्प्रिंग मागे ओढतात.