बोरघाट, बलिदान आणि उपकारस्तुती

कर्जतला गाडी थांबते, मागून बँकर इंजिनं लागतात, तेवढ्यात आपण वडापाव घेतो आणि गाडी घाट चढायला लागते. हा घाट आपल्याला आयता मिळालेला आहे. आज त्या ‘आयतं मिळण्या’बद्दल बोलायचं आहे.

बोरघाटातल्या रेल्वेचं काम १८५६ साली सुरू झालं आणि १८६३ साली मार्ग खुला झाला. त्यात २५ बोगदे होते. काम ऐन भरात असताना, १८६१ च्या सुमारास, इथे ४० हजारांहून अधिक मजूर राबत होते. सुरुंग, कडे, ताप आणि पटकी यांनी हजारो माणसं गेली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली इथे आला आणि काही आठवड्यांतच वारला. पुढचं काम त्याच्या पत्नीने, ॲलिसने, पार पाडलं. ही दोन नावं कागदावर राहिली. मजुरांची राहिली नाहीत.

आपण सहज म्हणतो, ‘त्यांच्या बलिदानातून हा घाट झाला.’ पण हे बलिदान होतं का? ते पोटासाठी आले होते, मरायला नव्हे. या प्रश्नासाठी ख्रिस्ती परंपरेकडे वळू, कारण तिने ‘बलिदान’ या शब्दाचा फार बारकाईने विचार केला आहे.

सुरुवात आपल्या ओळखीच्या ठिकाणापासून करू. खालापूर तालुक्यातल्या महडला वरदविनायकापुढे लोक नवस बोलतात. ‘माझं हे काम होऊ दे, मी अमुक वाहीन.’ वरवर पाहिलं तर हा व्यवहार आहे. पण नवस फेडायला आलेल्या माणसाचा चेहरा बघा, त्यात हिशेबापेक्षा समाधानच जास्त दिसतं. म्हणजे अर्पण दोन तऱ्हांचं असतं: मिळावं म्हणून केलेलं आणि मिळालं म्हणून केलेलं.

खालापूरला लागून पेण. तिथे आणि अलिबागकडे बेने इस्राएल, म्हणजे आपले ‘शनवार तेली’, पिढ्यान् पिढ्या राहिले. शुभप्रसंगी किंवा नवस पुरा झाला की ते एलिया संदेष्ट्याच्या नावाने मलिदा करतात: गोड पोहे, खोबरं, फळं. प्रार्थना होते, मग सगळे मिळून खातात. त्यांच्या धर्मग्रंथात, लेवीय या पुस्तकात, ‘तोदा’ म्हणजे आभाराचं अर्पण सांगितलं आहे. त्याचा नियम मोठा मजेदार आहे. अर्पणाचं मांस त्याच दिवशी संपवायचं, सकाळपर्यंत काही उरू द्यायचं नाही. एकट्याने कसं संपणार? चार माणसं बोलवावीच लागणार. आभार मानायचे तर वाटून खायला हवं!

येशू याच परंपरेतला. मरणाच्या आदल्या रात्री त्याने भाकर घेतली, आधी आभार मानले, मग मोडून दिली. म्हणून पहिल्या ख्रिस्ती मंडळींनी त्या भोजनाला ग्रीक भाषेत ‘युखारिस्तिया’, आभारप्रदर्शन, म्हटलं. त्या शब्दाच्या पोटात ‘खारिस’ आहे, म्हणजे कृपा, फुकट मिळालेलं देणं. मराठी बायबलने यासाठी ‘उपकारस्तुती’ असा सुरेख शब्द रूढ केला. आधी उपकार, मग स्तुती. क्रम उलटा होत नाही.

यावरून पुढे वाद झाले. मार्टिन ल्यूथरने १५२० साली लिहिलं की मिस्सा हे आपण देवाला देण्याचं कर्म नसून देवाकडून घेण्याचं दान आहे. ट्रेंटच्या धर्मसभेने १५६२ साली उत्तर दिलं की मिस्सा हे खरंच अर्पण आहे, वधस्तंभावरचंच. तरी दोन्ही बाजूंना एक गोष्ट मान्य होती. देणं देवाकडून सुरू होतं, आणि ख्रिस्ताने स्वतःला स्वखुशीने दिलं.

‘स्वखुशीने’ या शब्दापाशी आपला घाट पुन्हा येतो. ज्यांना निवड नव्हती त्यांच्या मृत्यूला बलिदान म्हटलं की मारणाऱ्या परिस्थितीचा दोष पुसला जातो. म्हणून आमचं मत असं, की त्याला बलिदान म्हणू नये. पण त्यामुळे आपलं ऋण संपत नाही. घाट तर आपल्याला मिळालाच. आपण काहीही न देता मिळाला.

मग काय करायचं? मेलेल्यांना परतफेड होत नाही. इब्री लोकांस लिहिलेलं पत्र सांगतं की ख्रिस्ताचं अर्पण एकदाच झालं, पुन्हा करायची गरज नाही. आता आपल्याकडून अपेक्षित अर्पण म्हणजे स्तुती, चांगलं करणं आणि वाटून घेणं. म्हणजे उपकार मागे फिरत नाहीत, पुढे जातात. पावसाळ्यात दरडी कोसळतात तेव्हा आजही याच घाटात रात्री रुळांवर गस्त घालणारी माणसं आहेत. त्यांची सुरक्षितता, त्यांचा पगार, त्यांची नावं, ही आपल्या काळातली उपकारस्तुती आहे. नुसते हात जोडून ती पुरी होत नाही.

आज इथेच थांबू या.