पहिल्या पिस्तुलाची निवड : अमेरिकी स्त्री, छुपे शस्त्र आणि बाजारपेठ (१८८७–२०२२)

प्रस्तावना

अमेरिकेच्या इतिहासात बंदुकीचा विचार प्रायः स्वातंत्र्ययुद्ध, पश्चिमेकडील सरहद्द, यादवी युद्ध अथवा राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती या संदर्भांत केला जातो. या सर्व कथनांत शस्त्र बाळगणारा पुरुष आहे, हे गृहीतच धरलेले असते. वास्तविक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तेथील शस्त्र-उत्पादकांचे स्त्री-ग्राहकाकडे लक्ष होते आणि तिच्यासाठी म्हणून खास शस्त्रे घडवली जात होती. अंगावर लपवून बाळगावयाचे पहिले पिस्तूल स्त्रीने कोणते घ्यावे, हा प्रश्न वरकरणी दुकानदारीचा वाटतो. परंतु या प्रश्नाला कोणी, केव्हा आणि कोणते उत्तर दिले हे पाहू लागल्यास स्त्रीच्या शरीराविषयीची, तिच्या भीतीविषयीची आणि तिच्या निर्णयक्षमतेविषयीची समाजाची समजूत उघड होते. प्रस्तुत लेखात या दृष्टीने काही निवडक टप्प्यांचा विचार केला आहे. शस्त्र बाळगणे इष्ट की अनिष्ट, हा लेखाचा मुख्य विषय नाही. मात्र तो प्रश्न पूर्णपणे टाळताही येत नाही, हे पुढे दिसून येईल.

लहान हातासाठी लहान शस्त्र

फिलाडेल्फियाचा कारागीर हेन्री डेरिंजर याच्या नावाने ओळखली जाणारी तळहाताएवढी पिस्तुले यादवी युद्धापूर्वीच प्रचारात आली होती. १८६५ मध्ये अब्राहम लिंकन यांची हत्या याच प्रकारच्या पिस्तुलाने झाली, यावरून ती केवळ स्त्रियांची नव्हती हे स्पष्ट आहे. तथापि हात उबदार ठेवण्यासाठी स्त्रिया वापरीत त्या लोकरी वा केसाळ आवरणात मावणारे पिस्तूल ही कल्पना रूढ झाली आणि ‘स्त्रीचे शस्त्र म्हणजे लहान शस्त्र’ हे समीकरण तेव्हापासून दृढ होत गेले.

१८८७ मध्ये स्मिथ अँड वेसन या कंपनीने बाहेर घोडा नसलेले, मुठीच्या मागील बाजूस दाबपट्टी असलेले रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. मूठ घट्ट आवळल्याखेरीज गोळी सुटू नये अशी त्याची योजना होती. एका लहान मुलाच्या हातून घडलेल्या अपघाताची वार्ता ऐकून डॅनियल वेसन यांनी ते घडविले, अशी आख्यायिका सांगितली जाते. आख्यायिका खरी असो वा नसो, घोडा कपड्यात अडकत नाही आणि मुलाच्या हाती शस्त्र सहजी चालत नाही, हे दोन गुण तेव्हापासून स्त्री-ग्राहकाशी जोडले गेले. त्यानंतर आयव्हर जॉन्सन कंपनीच्या १९०४ च्या सुमाराच्या जाहिरातीत बिछान्यावर बसलेली लहान मुलगी रिव्हॉल्व्हर हाती घेऊन खेळताना दाखविली होती. आज ती जाहिरात पाहताना अंगावर काटा येतो. त्या काळी ती सुरक्षिततेची ग्वाही समजली जाई. विशेष म्हणजे अवघ्या तीन वर्षांपूर्वी, १९०१ मध्ये, अध्यक्ष मॅकिन्ली यांच्यावर झाडलेले शस्त्र याच कंपनीचे होते.

१९०२ मध्ये स्मिथ अँड वेसनने ‘लेडीस्मिथ’ या नावाने ०.२२ बोअरचे सात गोळ्यांचे चिमुकले रिव्हॉल्व्हर काढले. १९२१ पर्यंत अशी सुमारे २६ हजार रिव्हॉल्व्हर तयार झाली. वेश्याव्यवसायातील स्त्रिया ते वापरू लागल्याचे कळताच धर्मनिष्ठ वेसन यांनी उत्पादन बंद केले, असे शस्त्रविषयक लिखाणात आजही वारंवार वाचावयास मिळते. पण डॅनियल वेसन यांचे निधन १९०६ मध्ये झाले आणि उत्पादन त्यानंतर पंधरा वर्षे चालू राहिले. कालानुक्रमाच्या एवढ्या साध्या कसोटीलाही ही कथा उतरत नाही. तरीही ती टिकून आहे, याचे कारण तिच्या आशयात शोधावे लागते. स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या निर्णयाने शस्त्र घेणारी स्त्री ही ‘तसली’च असणार, असा तिचा गर्भितार्थ आहे.

दोन स्त्रियांची मते

याच काळात उत्पादकांच्या कल्पनेबाहेरचा विचार करणाऱ्या दोन स्त्रियांचा उल्लेख आवश्यक आहे. पहिली इडा बी. वेल्स. ९ मार्च १८९२ रोजी टेनेसी राज्यातील मेम्फिस येथे टॉमस मॉस आणि त्याचे दोन सहकारी या कृष्णवर्णीयांना जमावाने तुरुंगातून ओढून नेऊन ठार केले. मॉस हा वेल्स यांचा स्नेही होता. या घटनेनंतर आपण प्रथम पिस्तूल विकत घेतले, असे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. ज्या समाजाला पोलीस आणि न्यायालय यांचे संरक्षण मिळत नाही, त्याच्या स्त्रीने केलेली ही निवड होती. तिला जाहिरातीतील चोराची भीती दाखविण्याची गरज नव्हती. स्त्रिया व शस्त्रे यांविषयीच्या पुढील काळातील जाहिरातींत गौरवर्णीय, मध्यमवर्गीय गृहिणीच प्रामुख्याने दिसते, हे लक्षात घेता वेल्स यांचे उदाहरण अधिकच बोलके ठरते.

दुसरी ॲनी ओकली. नेमबाजीच्या प्रयोगांमुळे ती जगप्रसिद्ध होती. १८९८ मध्ये स्पेनशी युद्ध उद्भवण्याची चिन्हे दिसताच पन्नास स्त्री-नेमबाजांची तुकडी देऊ करणारे पत्र तिने अध्यक्ष मॅकिन्ली यांना लिहिले होते. पुढे नॉर्थ कॅरोलायनातील पाइनहर्स्ट येथे तिने असंख्य स्त्रियांना नेमबाजी शिकविली. कोणत्या बनावटीचे शस्त्र घ्यावे यापेक्षा ते कोठे असावे, याविषयी तिचा आग्रह होता. रस्त्यावरून जाताना शस्त्र हातपिशवीत ठेवू नये, कारण पिशवी उघडेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. ते हातात, छत्रीच्या आडोशाला असावे, असे ती सांगे. शस्त्र लहान असण्यापेक्षा ते हाताशी असणे आणि त्याचा सराव असणे तिला महत्त्वाचे वाटत होते. हा सल्ला पुढील शंभर वर्षे बाजारपेठेने जवळजवळ दुर्लक्षित केला. पर्समध्ये मावते, हीच शस्त्राची थोरवी ठरली.

यंत्राचा न्याय

येथे थोडे तांत्रिक विवेचन केल्याशिवाय पुढील इतिहास समजणार नाही. १९५० मध्ये स्मिथ अँड वेसनने ‘चीफ्स स्पेशल’ हे आखूड नळीचे, पाच गोळ्यांचे, ०.३८ बोअरचे रिव्हॉल्व्हर काढले. नावाप्रमाणेच ते पोलीस अधिकाऱ्यांसाठी होते. पुढे त्याच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या आवृत्त्या निघाल्या आणि ‘बाईसाठी हेच बरे’ हा दुकानदारांचा ठराविक सल्ला होऊन बसला. सल्ला देणारे बहुधा पुरुष, आणि विकत घेणाराही अनेकदा पती किंवा पिता.

गोळी सुटताना ती जेवढ्या संवेगाने पुढे जाते तेवढ्याच संवेगाने शस्त्र मागे येते. म्हणून तीच गोळी हलक्या शस्त्रातून सुटल्यास हाताला बसणारा धक्का अधिक असतो. नळी आखूड असल्यास नेम धरण्याच्या पुढील व मागील खुणांतील अंतर कमी होते, आणि हाताची किंचित चूकही लक्ष्यावर मोठी होऊन दिसते. घोडा न ताणता थेट चाप ओढून गोळी झाडावयाची तर साधारण पाच ते साडेपाच किलोग्रॅम भाराचा जोर लागतो. शस्त्राचे स्वतःचे वजन मात्र जेमतेम सव्वाचारशे ग्रॅम. म्हणजे वजनाच्या बारापटीहून अधिक जोर एका बोटाने लावावयाचा आणि शस्त्र हलू द्यावयाचे नाही! ही अनुभवी नेमबाजाचीही परीक्षा आहे. जे शस्त्र बाळगण्यास सर्वांत सोपे तेच चालविण्यास सर्वांत अवघड, आणि नेमके तेच नवशिक्या स्त्रीला दिले जात होते. पहिल्याच सरावात हात दुखावला, की ते शस्त्र खणात जाई आणि दोष मात्र स्त्रीच्या ‘नाजूक’पणाला दिला जाई.

ऑरलँडोचा प्रयोग

१९६६ मध्ये फ्लॉरिडा राज्यातील ऑरलँडो येथे बलात्काराच्या घटना वाढल्या आणि स्त्रियांनी मोठ्या संख्येने पिस्तुले विकत घेण्यास प्रारंभ केला. अप्रशिक्षित हातांतील शस्त्रांमुळे अपघात होतील, या चिंतेने पोलिसांनी स्थानिक वृत्तपत्राच्या सहकार्याने ऑक्टोबर १९६६ ते मार्च १९६७ या काळात अडीच हजारांहून अधिक स्त्रियांना शस्त्रप्रशिक्षण दिले. १९६६ मध्ये नोंद झालेले ३६ बलात्कार १९६७ मध्ये ४ वर आले. गॅरी क्लेक आणि डेव्हिड बॉर्डुआ यांनी १९८३ मध्ये या घटनेची चर्चा केल्यापासून शस्त्रसमर्थकांच्या युक्तिवादात ऑरलँडोचा दाखला अटळ झाला आहे.

इतिहासाच्या अभ्यासकाने येथे सावध राहावयास हवे. एका शहरातील इतक्या लहान संख्या एका वर्षातून दुसऱ्या वर्षात मोठ्या प्रमाणात खालीवर होत असतात. शिवाय बलात्काराची नोंद होणे ही स्वतःच एक सामाजिक प्रक्रिया आहे. त्यामुळे कार्यकारणभाव सिद्ध झाला असे म्हणता येत नाही. परंतु माझ्या मते ऑरलँडोचे महत्त्व आकडेवारीपेक्षा वेगळ्या बाबीत आहे. स्त्रियांनी शस्त्रे आधी घेतली आणि संस्था त्यांच्या मागाहून आल्या, हा क्रम आपण सहसा विसरतो. शस्त्र निवडण्यापूर्वी शिकण्याची सोय त्यांना कोणीच उपलब्ध करून दिली नव्हती.

१९८९ आणि त्यानंतर

१९८७ मध्ये फ्लॉरिडाने ठराविक अटी पूर्ण करणाऱ्या नागरिकाला छुपे शस्त्र बाळगण्याचा परवाना देणे बंधनकारक करणारा कायदा केला आणि इतर राज्ये त्या वाटेने जाऊ लागली. दोनच वर्षांनी, १९८९ मध्ये, तीन गोष्टी एकत्र घडल्या. स्मिथ अँड वेसनने ‘लेडीस्मिथ’ हे जुने नाव पुन्हा वापरात आणले, ‘विमेन अँड गन्स’ हे नियतकालिक सुरू झाले आणि पॅक्स्टन क्विग्ली यांचे ‘आर्म्ड अँड फिमेल’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. नव्या लेडीस्मिथची मूठ सडपातळ आणि शिसवी लाकडाची होती. हा बदल केवळ शोभेचा मानता येणार नाही, कारण मुठीच्या मागील कडेपासून चापापर्यंतचे अंतर बोटाच्या लांबीशी जुळणे हीच निवडीची पहिली अट आहे. मात्र आतील यंत्रणा तीच जुनी, पाच गोळ्यांच्या आखूड रिव्हॉल्व्हरची होती.

भीतीचा व्यापार याच काळात उघडपणे होऊ लागला. १९९२ मध्ये ‘लेडीज होम जर्नल’ या गृहिणींच्या मासिकात कोल्ट कंपनीने आई मुलीला झोपवीत आहे अशा चित्राची जाहिरात दिली. तिच्यावर टीकेचा भडिमार झाला. पुढल्याच वर्षी आर्थर केलरमन आणि सहकाऱ्यांचे संशोधन प्रसिद्ध झाले. घरात बंदूक असणे हे त्या घरातील व्यक्तीची घरीच हत्या होण्याच्या २.७ पट अधिक शक्यतेशी निगडित आहे, असे त्यात आढळले होते. त्याच्या पद्धतीवर आक्षेप घेतले गेले. पण स्त्रीला धोका अनोळखी माणसापेक्षा घरातील पुरुषाकडून अधिक असतो, ही बाब जाहिरातींतून कायमच गाळली गेली, याकडे डोळेझाक करता येत नाही. अंधारातील अनोळखी इसमासाठी घेतलेले पिस्तूल त्याच घरात, त्याच पतीच्या आवाक्यात असते.

याउलट बाजूचे सर्वांत प्रभावी उदाहरण सुझॅना ग्रेशिया हप यांचे आहे. १६ ऑक्टोबर १९९१ रोजी टेक्सासमधील किलीन येथील लुबीज या उपाहारगृहात एका बंदूकधाऱ्याने २३ जणांना ठार केले. त्यांत हप यांचे आईवडील होते. हप यांचे रिव्हॉल्व्हर बाहेर मोटारीत होते. टेक्सासमध्ये ते अंगावर बाळगणे बेकायदा असल्याने त्यांनी ते आत आणले नव्हते. त्यांनी पुढे दिलेल्या साक्षी राज्याराज्यांतील विधिमंडळांत गाजल्या. १९९५ मध्ये टेक्सासने कायदा बदलला आणि १९९६ मध्ये हप स्वतः विधानसभेवर निवडून आल्या. त्या दिवशी शस्त्र जवळ असते तर काय घडले असते, हे इतिहास सांगू शकत नाही. परंतु कायदा पाळल्याचा त्यांना वाटणारा पश्चात्ताप ही एक राजकीय शक्ती बनली, एवढे निश्चित.

२०१४ च्या डिसेंबरात आयडाहो राज्यातील हेडन येथील एका दुकानात दोन वर्षांच्या मुलाच्या हाती आईच्या पर्समधील पिस्तूल लागले आणि गोळी सुटून आईचा मृत्यू झाला. ती पर्स शस्त्र ठेवण्यासाठीच बनविलेली होती. ओकलीने वेगळ्या कारणासाठी जे बजावले होते, ते येथे किती विदारक रीतीने खरे ठरले!

निवडीच्या निकषांत खरा बदल अगदी अलीकडचा आहे. स्त्री-प्रशिक्षकांची संख्या वाढली आणि ‘कोणते घ्यावे’ याआधी ‘आधी भाड्याने घेऊन चालवून पाहा’ हा सल्ला रूढ झाला. २०१२ नंतर सडपातळ ९ मिलिमीटर पिस्तुले आली. पण स्वयंचलित पिस्तुलाचा वरचा सरकता भाग मागे ओढण्यास लागणारा जोर ही अनेकींची अडचण होती. २०१८ मध्ये स्मिथ अँड वेसनने तो भाग सहज ओढता येईल असे पिस्तूल काढले, आणि त्याच्या मुठीवर १८८७ च्या रिव्हॉल्व्हरची आठवण करून देणारी दाबपट्टी होती. त्याच्या नावात ‘लेडी’ हा शब्द मात्र नव्हता. संधिवात झालेल्या वृद्ध पुरुषांनीही ते घेतले. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्क राज्याची ‘योग्य कारण’ दाखविण्याची अट रद्द केली. १९११ च्या सलिव्हन कायद्यापासून तेथील परवाना अधिकाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून होता; आता तो प्रश्न मागे पडून निवडीचा प्रश्न अधिक स्त्रियांपुढे उभा राहिला.

या इतिहासाचा एक पडसाद आपल्या देशातही उमटला. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या अत्याचारानंतर, जानेवारी २०१४ मध्ये, कानपूरच्या शासकीय आयुध कारखान्याने स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ हे ०.३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर सादर केले. टायटॅनियम मिश्रधातूमुळे त्याचे वजन सुमारे ५०० ग्रॅम होते आणि किंमत १ लाख २२ हजार ३६० रुपये. शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवाना मिळविल्याखेरीज ते घेता येत नव्हते. ते पर्समध्ये मावते, हे त्याचे वैशिष्ट्य म्हणून सांगण्यात आले, आणि ते दागिन्यांच्या पेटीसारख्या तांबड्या पेटीतून दिले जाई.