कर्ता गळतो, शेपूट राहतं



शाळेत पॅसिव्ह व्हॉइस शिकताना आपण सगळ्यांनीच एक वाक्य घोकलं आहे: 'ही वॉज लाफ्ड ॲट बाय द बॉइज.' शाळा इंदूरची असो, बेळगावची असो की हैदराबादची, वाक्य तेच आणि चूकही तीच. 'ॲट' आणि 'बाय' शेजारी शेजारी दिसले की त्यातला एक जास्तीचा वाटतो. मुलं 'ॲट' खोडतात आणि गुण जातो. तो का जातो, याचं उत्तर इंग्लंडच्या इतिहासात आहे.

आधी आपली मराठी पाहू. 'मुलं त्याला हसली' हे वाक्य 'तो हसला गेला' असं फिरवता येत नाही. कारण 'त्याला' मधला 'ला' नामाला घट्ट चिकटलेला आहे. तो नामाला सोडून क्रियापदाजवळ जाऊन बसत नाही. नॉर्मन राजा विल्यमने १०६६ मध्ये इंग्लंड जिंकलं, त्याआधीची इंग्रजी बरीचशी अशीच होती. नामांना विभक्तीचे प्रत्यय होते. 'हेल्प' या क्रियापदाचं जुनं रूप घ्या. ज्याला मदत करायची त्याचं नाम आपल्या चतुर्थीसारख्या विभक्तीत येई. असं नाम पॅसिव्ह वाक्यात कर्ता होऊन पुढे येऊ शकत नसे.

पुढच्या दोन-तीनशे वर्षांत दोन गोष्टी घडल्या. एक, विभक्तीचे प्रत्यय झिजून गेले. नाम कुठल्या नात्याने आलं आहे, हे त्याच्या जागेवरून आणि आजूबाजूच्या छोट्या शब्दांवरून कळू लागलं. दोन, पूर्वी क्रियापदाच्या पुढे लागणारे 'अप', 'आउट', 'ऑफ' यांसारखे शब्द क्रियापदाच्या मागे जाऊन बसू लागले. पीटरबरोच्या मठात ११५४ पर्यंतची हकीकत लिहिलेली बखर आहे, तिच्या शेवटच्या भागात अशा जोड्या दिसतात. साधारण तेराव्या शतकापासून इंग्रज माणसाला क्रियापद आणि छोटा शब्द मिळून एकच क्रिया वाटू लागली. मग 'लाफ ॲट' हे अख्खं एक क्रियापद झालं, त्याच्यापुढचं नाम त्याचं सरळ कर्म झालं, आणि ते कर्म वाक्याच्या सुरुवातीला आणता येऊ लागलं. नाम पुढे गेलं, 'ॲट' मात्र क्रियापदाला धरून जागेवरच राहिला. फ्रेंचमध्ये अशी रचना होत नाही.

पंडितांना हे फारसं आवडलं नाही. कवी ड्रायडन यांनी १६७२ मध्ये बेन जॉन्सन यांच्या वाक्याच्या शेवटी लोंबकळणाऱ्या अशा शब्दावर बोट ठेवलं, आणि पुढे स्वतःच्या जुन्या लेखनातूनही ते काढून टाकले. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेत मान्य केलं की, परक्या माणसाला इंग्रजीत सगळ्यात जड जातात त्या याच जोड्या. त्यांना 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव रूढ झालं ते फार उशिरा, लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ च्या पुस्तकामुळे. रूप सातशे वर्षांचं, नाव शंभर वर्षांचं.

आता फौजेकडे येऊ. फौजेचं कागदी इंग्रजी पॅसिव्हने भरलेलं असतं आणि तिथे हे शेपूट किती मोलाचं आहे ते लगेच कळतं. 'रॅशन्स वेअर कट' म्हणजे शिधा कमी केला. 'रॅशन्स वेअर कट ऑफ' म्हणजे शिधा बंदच पडला. 'द पोस्ट वॉज टेकन' म्हणजे चौकी लढून घेतली. 'द पोस्ट वॉज टेकन ओव्हर' म्हणजे आधीच्या तुकडीकडून शांतपणे ताबा घेतला. एप्रिल १९४४ मध्ये जपानी सैन्याने कोहिमाला वेढा घातला तेव्हा तिथली शिबंदी 'वॉज कट ऑफ'. यातला 'ऑफ' काढला तर संख्या घटवली असा अर्थ निघेल. डंकर्कच्या किनाऱ्यावरून १९४० च्या मे-जूनमध्ये ३,३८,००० हून अधिक सैनिक 'वेअर टेकन ऑफ', म्हणजे बोटींनी उचलून आणले. 'वेअर टेकन' एवढंच लिहिलं तर ते सगळे कैद झाले असं वाचणारा समजेल.

कर्तरी वाक्यात कर्म मधे बसू शकतं: 'दे कॉल्ड द अटॅक ऑफ.' कर्मणीत कर्म आधीच पुढे गेलेलं असतं, त्यामुळे दोघे पुन्हा शेजारी येतात: 'द अटॅक वॉज कॉल्ड ऑफ.' तीन शब्दांची जोडी असली तरी नियम तोच. 'डू अवे विथ' चं 'वॉज डन अवे विथ' होतं, दोन्ही शेपटं शाबूत. पण ज्या जोडीला कर्मच नाही, तिचं पॅसिव्ह होत नाही. गाडी बंद पडली तर 'द ट्रक ब्रोक डाउन' एवढंच लिहायचं. आपल्याकडे 'द ट्रक वॉज ब्रोकन डाउन' सर्रास लिहितात, ते टाळा.

आता महत्त्वाचा मुद्दा. या रचनेत शेपूट गाळता येत नाही, पण 'बाय' आणि त्याच्यामागचा कर्ता मात्र बिनधास्त गाळता येतो. व्याकरण हरकत घेत नाही. कधी ते योग्यही असतं. गोळी कुठून आली हे अजून कळलेलं नसेल, तर 'वी वेअर फायर्ड अपॉन' हाच प्रामाणिक संदेश. शोध लागल्यावर मात्र नाव यायला हवं.

'द क्राउड वॉज फायर्ड अपॉन' हे वाक्य घ्या आणि १३ एप्रिल १९१९ च्या जालियनवाला बागेसमोर ठेवा. व्याकरण निर्दोष आहे. 'अपॉन' जागेवर आहे. नाहीत ते ब्रिगेडियर जनरल डायर. नाहीत त्यांच्या हुकमाने बंदुका रोखणारे ५० सैनिक, नाहीत झाडलेल्या १६५० फैरी. सरकारी आकड्यानुसारच ३७९ माणसं तिथे मेली, आणि वाक्यात उरली फक्त 'क्राउड'. डायर यांनी हंटर समितीपुढे, गोळीबाराचा हुकूम आपणच दिला, हे स्वतः सांगितलं होतं. ज्याने हुकूम दिला तो नाव लपवत नाही, आणि आपण इतिहास लिहिताना अशा वाक्याने त्याला झाकून टाकतो, हे बरोबर नाही.

ही सवय आता मराठीतही आली आहे. 'गोळीबार करण्यात आला', 'प्रस्ताव फेटाळण्यात आला', असं आपण रोज वाचतो. करणारा कोण, ते वाक्य सांगत नाही.

म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवा. परीक्षेला बसणाऱ्या मुलांनो, 'ॲट बाय' शेजारी आले म्हणून बिचकू नका. पहिला क्रियापदाचा आहे, दुसरा कर्त्याचा, दोघांनाही जागा आहे. आणि इतिहास वाचणाऱ्यांनो, जिथे 'बाय' दिसत नाही तिथे पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढा: कोणी? त्याचं उत्तर त्या पानावर नसेल तर दुसऱ्या कागदात शोधा. बहुतेक वेळा ते कुठेतरी लिहिलेलं असतं.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.