काळजीकाम

काळजीकाम : मुले, वृद्ध, आजारी व अपंग यांची देखभाल आणि तिच्या पोटात येणारी स्वयंपाक, धुणीभांडी, झाडलोट ही कामे. पगारी बाईने केली तर ती राष्ट्रीय उत्पन्नात येतात, घरच्या बाईने केली तर येत नाहीत. पुरुषाने आपल्या स्वयंपाकिणीशी लग्न केले की देशाचे उत्पन्न घटते, ही विसंगती ए. सी. पिगू यांनी 1920 मध्येच दाखवली होती. संयुक्त राष्ट्रांच्या 1993 च्या लेखापद्धतीने घरासाठी आणलेले पाणी व सरपण उत्पादनात धरले. त्यांवर शिजलेले जेवण बाहेरच राहिले.

भारतात 1998-99 मध्ये हरियाणासह सहा राज्यांत वेळ-वापराची चाचणी पाहणी झाली. 2019 च्या देशव्यापी पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला 299 मिनिटे घालवत होत्या, पुरुष 97.

या आकड्यांचा ठोस उपयोग झाला तो अर्थसंकल्पात नव्हे, अपघाताच्या दाव्यात. दिल्लीतील रोहिणी भागात 2014 साली एका दुचाकीस्वार दांपत्याचा मोटारीच्या धडकेत मृत्यू झाला. पत्नी गृहिणी होती. लवादाने दोघांची मिळून ठरवलेली भरपाई उच्च न्यायालयाने 22 लाखांवर आणली. सर्वोच्च न्यायालयाने 5 जानेवारी 2021 रोजी ती 33.20 लाख केली. न्या. एन. व्ही. रमणा यांनी स्वतंत्र निकालपत्रात 2019 ची हीच पाहणी उद्धृत केली. गृहिणीचे उत्पन्न कल्पून धरताना भविष्यातील वाढही त्यात मिळवावी, असे न्यायालयाने मानले. बाई हयात असताना असा हिशेब कुठलेच खाते मांडत नाही.

धोरणाच्या बाजूने दिल्लीचा वाटा जुना आहे. मीरा महादेवन यांनी 1969 मध्ये राजघाटाजवळच्या बांधकामावर मजूर बायांच्या मुलांसाठी पाळणाघर सुरू केले. त्यातून ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था उभी राहिली. पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सक्ती मात्र 2017 च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने आली. गुरुग्राम-नोएडाच्या सोसायट्यांत राबणाऱ्या घरकामगार बायांची मुले त्यातही बसत नाहीत, कारण त्यांचा मालक म्हणजे एकेक घर.

काळजीकामाला पुरते काम न मानण्यात सरकारही अपवाद नाही. अंगणवाडी सेविकांना पगार नव्हे, ‘मानधन’ मिळते. त्याच्या वाढीसाठी दिल्लीतील सेविका व मदतनीस 31 जानेवारी 2022 पासून अडतीस दिवस संपावर होत्या. मार्चमध्ये अत्यावश्यक सेवा कायदा लावून तो संप थांबवण्यात आला.