धानाचा अंदाज : गोंदिया परिसरातील शेतीमापनाचा इतिहास आणि संगणकीय प्रतिमाने

प्रस्तावना
'विदाविज्ञान' ही संज्ञा नवी असली तरी शेतीतील विविधता आकड्यांत बसवून उत्पन्नाचा अंदाज बांधण्याचा प्रयत्न जुना आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झालेल्या गोंदिया जिल्ह्याचे प्रमुख पीक धान होय. प्रस्तुत निबंधात या परिसराला लागू झालेल्या मापनपद्धतींचा आढावा घेऊन, सरासरीच्या हिशेबात एकेका बांधीचे काय होते, या प्रश्नाचा विचार केला आहे.

जमिनीचे गुणांक
हा प्रदेश ब्रिटिश काळात मध्य प्रांतात होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील जमाबंदीसाठी जे. बी. फुलर यांनी मृदा-एकक पद्धत रूढ केली. मातीच्या प्रत्येक प्रतीला गुणांक दिला जाई. शेताचे स्थान आणि सिंचनाची सोय यांनुसार तो बदले. अशा एककांच्या बेरजेवर गावाची आकारणी आधारलेली असे. उद्देश महसुलाचा होता. तथापि अनेक घटकांना भार देऊन एक निष्कर्ष काढणारे हे संगणकाविना मांडलेले प्रतिमानच होते.

धानाच्या बाबतीत स्थानाला विशेष महत्त्व आहे. उंचवट्यावरील बांधीत पाणी टिकत नाही, सखल बांधीत ते साचते. त्यामुळे शेतकरी हलका, मध्यम व भारी धान जमिनीनुसार निवडतो. त्यात तलावांची भर पडते. जलव्यवस्थेत निष्णात असलेल्या कोहळी समाजाचे या तलावांच्या उभारणीत मोठे योगदान आहे. नवेगावबांध हे त्याचे ठळक उदाहरण. १९५० च्या मध्य प्रदेश कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली, तलाव शासनाकडे गेले. परंतु 'मालगुजारी तलाव' हे नाव टिकून राहिले.

आणेवारी आणि पीक कापणी
पुढे पिकाची स्थिती ठरविण्याचे रूढ साधन म्हणजे आणेवारी. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक, या कल्पनेवर ती उभी होती. १९५७ च्या दशमान नाणेपद्धतीनंतर तिची पैसेवारी झाली आणि पन्नास पैशांची रेषा टंचाईच्या निर्णयाशी जोडली गेली. नजरेच्या अंदाजाला येथे मोठा वाव होता.

हा दोष दूर करण्याच्या कार्यात सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे (१९११-१९९७) यांचा वाटा महत्त्वाचा आहे. यदृच्छेने शेत निवडून त्यातील ठरावीक तुकडा कापावा व उत्पन्न मोजावे, ही पद्धत त्यांनी भारतीय कृषी संशोधन परिषदेतून पुढे नेली. प्र. चं. महालनोबीस यांचा कल लहान तुकड्यांकडे होता. फार लहान तुकड्यात सीमेवरील रोपे आत धरली जाऊन उत्पन्न फुगते, असे सुखात्मे यांनी १९४६ मध्ये दाखविले. वाद तुकड्याच्या आकाराचा दिसत असला तरी त्याचा आशय सखोल होता : मोजणीतच कल असेल, तर नमुने कितीही वाढवले तरी चूक कमी होत नाही.

उपग्रह आणि प्रतिमान
खरिपात आकाश ढगाळ असल्याने साध्या उपग्रहचित्रांची उपयुक्तता मर्यादित राहते. म्हणून धानासाठी रडारचा उपयोग होतो. रोवणीच्या वेळी बांधीतील पाण्यामुळे परतणारा संकेत क्षीण असतो. पीक वाढते तसा तो वाढतो. २०१२ मधील रिसॅट-१ आणि २०१४ मधील सेंटिनेल-१ए या उपग्रहांनी असा तपशील उपलब्ध केला. हवामान, माती व वाण यांची माहिती पीकवाढीच्या प्रतिमानांत घालून उत्पन्नाचा अंदाज काढता येतो. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीद्वारे शेतकऱ्याला स्वतःच्या पिकाची नोंद करता येऊ लागली. पीक विमा योजनेत २०२३ च्या खरिपापासून भाताच्या उत्पन्नाच्या अंदाजात तंत्रज्ञानाधारित आकड्याला किमान ३० टक्के भार देण्याचे धोरण केंद्राने स्वीकारले.

सरासरीचा प्रश्न
विम्याचा निर्णय एकेका शेतावर नव्हे, तर विमा क्षेत्राच्या सरासरीवर होतो. कल्पनेसाठी असे समजू की, एका क्षेत्रात तलावाखालील निम्म्या शेतांत हेक्टरी ३० क्विंटल आणि उंचवट्यावरील निम्म्या शेतांत १० क्विंटल धान झाले. सरासरी २० क्विंटल होते. उंबरठा १८ क्विंटल असल्यास नुकसान नाही, असा निष्कर्ष निघतो आणि १० क्विंटलवाल्या शेतकऱ्याच्या हाती काही पडत नाही. आकडा अचूक असूनही निर्णय अन्याय्य ठरतो. पर्जन्यमापकावर पाऊस दिसतो. तलावात किती पाणी होते आणि ते कोणत्या बांधीपर्यंत पोहोचले, हे दिसत नाही.

निष्कर्ष
जुन्या जमाबंदीने सारा वाढविण्यासाठी का होईना, बांधीचे स्थान आणि सिंचन गणितात धरले होते. आजच्या प्रतिमानांकडे साधने कितीतरी अधिक आहेत. त्यामुळे त्यांच्याकडून त्याहून कमी अपेक्षा ठेवणे योग्य नाही. तलावांची साठवण, जमिनीचा उतार आणि धानाचा प्रकार यांची नोंद त्यांत यावयास हवी. प्रतिमानाची परीक्षा अखेर पीक कापणीच्या तुकड्यावरच होते. म्हणून संगणक आला तरी कापणी प्रयोगाची शिस्त सैल करणे परवडणारे नाही. आणि ज्याच्या बांधीविषयी हा आकडा आहे, त्याला तो कसा निघाला हे समजून घेता व तपासून पाहता आले, तरच त्या आकड्याला न्यायाचे अधिष्ठान लाभेल.