तेरणाकाठचे कान

तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहनकाळातल्या मातीच्या मूर्ती पाहताना नजर आधी कानांवर जाते. चेहरा इवलासा, कानातला दागिना भलामोठा. नाक मात्र मोकळे.

पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवरचे मोठे शहर म्हणून तगरचा उल्लेख येतो. तेच हे धाराशिव जिल्ह्यातले, तेरणा नदीकाठचे तेर. इथे मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती १९३८ साली पॉम्पेईत सापडलेल्या मूर्तीची बहीण शोभावी अशी आहे. रोमशी व्यापार करणाऱ्या या गावाला नटण्याची हौस होती, पण नथ ठाऊक नव्हती. भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी नथीचा माग काढला, तेव्हा इसवी सन १००० पूर्वीच्या संस्कृत साहित्यात नाकातल्या दागिन्याचा पुरावा त्यांना आढळला नाही. पुढे मात्र नथ घराघरांत अशी रुजली, की मुलगे जगत नसलेल्या घरांत नव्या मुलाचे नाक टोचून त्याला नथू म्हणू लागले.

कान टोचण्याचे शास्त्र पुष्कळ जुने. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला सोळावा अध्याय त्यावरच आहे. सहाव्या-सातव्या महिन्यातल्या बाळाला मांडीवर घ्यायचे, खेळण्याने रमवायचे, पाळी ओढून उन्हात धरायची आणि प्रकाश आरपार दिसेल तिथे सरळ टोचायचे. मुलाचा उजवा कान आधी, मुलीचा डावा. फार रक्त आले तर जागा चुकली. मग भोकात कापसाची वात, वरून तेल. दर तीन दिवसांनी आधीपेक्षा जाड वात. कान बिघडला तर वात काढून लेप द्यायचा आणि पुरता भरल्यावर पुन्हा टोचायचे. टोचणे क्षणाचे, त्यानंतरच्या दिवसांची एवढी काळजी या ग्रंथाने घेतली, हे फार मोलाचे आहे.

आजचे डॉक्टर एका बाबतीत वेगळे सांगतात. पू झालेल्या भोकातला दागिना घरी उपसून काढू नये. भोक बुजून पू आतच कोंडतो. आधी दवाखाना गाठावा.

गावात कान टोचण्याचे काम सोनाराचे. बारशाच्या सुमारास तो बारीक तार पाळीतून ओवून तिचे टोक वळवी. पुढची देखभाल आजीकडे. डूल उतरवला, गहाण पडला, तरी भोक बुजू नये म्हणून कडुनिंबाची काडी घालून ठेवायची. फिरकीची कुडी आली आणि दागिना घरच्या घरी बदलता येऊ लागला. पण ताज्या भोकातला दागिना असा बदलू नये: पाळी भरायला सहा ते आठ आठवडे लागतात, वरच्या कूर्चेला कित्येक महिने. त्यानंतरही हात साबणाने धुवावेत, चिकटलेली खपली कोमट पाण्याने भिजवावी, मगच फिरकी सोडावी. ओढाताण नको.

दागिन्याच्या वजनाचा प्रश्न बंजारा स्त्रियांनी आपल्या रीतीने सोडवला. त्यांची घुगरी-टोपली चांदीची आणि जड, पण ती कानाशेजारच्या केसांना बांधलेली असते. पाळीवर भार येत नाही.

इतरत्र जड दागिन्यांनी कान ओघळत, फाटत. सुश्रुताने फाटलेली पाळी जोडण्याचे पंधरा प्रकार दिले आहेत. आज तेवढी जागा बधिर करून पाळी शिवतात आणि काही महिन्यांनी, जुन्या व्रणाला टाळून, शेजारी नवे भोक पाडतात.