सेलेनियम मातीतून गव्हात कसं येतं? जाणून घ्या

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. काहींना मोजक्या दिवसांत टक्कल पडलं. तिथल्या गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम आढळल्याचं डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी सांगितलं आणि पंजाबातून आलेल्या रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. तेव्हापासून प्रश्न पडतो : हे गव्हात येतं कुठून?

सेलेनियम म्हणजे काय?
हे खडकात आणि मातीत सापडणारं मूलद्रव्य आहे. शरीराला ते लागतं, पण अगदी थोडं. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ५५ मायक्रोग्रॅम पुरतं. रोज ४०० च्या वर गेलं तर केस गळणं, नखं ठिसूळ होणं, तोंडाला लसणासारखा वास येणं असा त्रास होऊ शकतो.

मातीत काय घडतं?
• जमीन भुसभुशीत, हवा खेळती आणि सामू जास्त असेल, तर सेलेनेट तयार होतं. ते पाण्यात सहज विरघळतं. मुळं ते ओढून घेतात, उरलेलं पाण्याबरोबर खाली झिरपतं.
• सामू कमी असेल, तर सेलेनाइट वाढतं. ते चिकणमातीला आणि लोहाच्या कणांना घट्ट चिकटतं, पिकात कमी जातं.
• पाणी साचून हवा कोंडली, तर जिवाणू त्याचं न विरघळणारं रूप बनवतात. काही भाग वायू होऊन उडूनही जातो.

म्हणजे मातीत सेलेनियम किती आहे, एवढंच पाहून चालत नाही. ते कोणत्या रूपात आहे, हेही पाहावं लागतं.

पंजाबात काय झालं?
होशियारपूर आणि नवांशहर भागात शिवालिक टेकड्यांवरून वाहून आलेल्या गाळात सेलेनियम आहे. काही ठिकाणी बोअरच्या पाण्यातही ते आहे, त्यामुळे ओलितातून ते शेतात साठत जातं. भात निघाल्यावर रान वाळतं, हवा शिरते, सेलेनेट वाढतं आणि गहू ते उचलतो. तिथे जिप्सम टाकल्यावर पिकात सेलेनियम कमी गेल्याचं दिसलं. जिप्सममधलं सल्फेट मुळांत शिरताना सेलेनेटची वाट अडवतं.

हे लक्षात ठेवा
दाण्याच्या आत गेलेलं सेलेनियम धुऊन निघत नाही. गावात एकाच वेळी अनेकांचे केस गळू लागले, तर प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा आणि घरातलं थोडं धान्य तपासणीसाठी राखून ठेवा. नेहमीच्या माती परीक्षणात सेलेनियम बहुधा नसतं, ते वेगळं सांगून तपासावं लागतं.